बायबलच्या हिब्रूतला ‘शेन’ म्हणजे दात: एकच शब्द धरून व्याकरण कसं शिकायचं

हिब्रू शिकायचं ठरवलं की बहुतेक जण आधी मुळाक्षरांचा तक्ता डाऊनलोड करतात, मग क्रियापदांचे सात प्रकार बघतात आणि तिसऱ्या आठवड्यात वही बंद होते. मी नवीन माणसाला नेहमी सांगतो की तक्ता बाजूला ठेवा, एक छोटा शब्द पकडा आणि तो बायबलात जिथे जिथे येतो तिथे त्याच्या मागे जा. माझ्या मते त्यासाठी ‘शेन’ सारखा शब्द नाही. शेन म्हणजे दात. अक्षरं दोनच, शीन आणि नून, आणि पन्नासच्या वर वेळा आलाय, कायद्यात, कवितेत, प्रेमगीतात, संदेष्ट्यांच्या शिव्याशापात, सगळीकडे. लिंग, वचन, षष्ठी, सर्वनामाचे प्रत्यय सगळं यात सापडतं, आणि मराठी माणसाला तर हा शब्द भलताच जवळचा वाटतो, कारण दात या शब्दाचं आपण जे जे करतो ते बरंचसं हिब्रूनेही केलंय.

तयारी म्हणून फार काही लागत नाही, एक वही आणि स्वरचिन्हांसकट हिब्रू मजकूर. सेफारिया नावाच्या साइटवर तो फुकट मिळतो, बायबल हबवर प्रत्येक शब्दाखाली अर्थ दिलेला असतो, आणि स्ट्राँग नावाच्या बायबल-शब्दसूचीतल्या क्रमांकाने शोधायचं तर शेनचा नंबर ८१२७. एक गोष्ट आधीच सांगतो म्हणजे नंतर गोंधळ नको, स्तोत्रांमध्ये आणि आणखी काही ठिकाणी हिब्रू बायबलचे ओवी-क्रमांक मराठी बायबलपेक्षा एकाने वगैरे पुढेमागे असतात, कारण स्तोत्राचं शीर्षक तिथे पहिली ओवी म्हणून मोजतात. ओवी सापडली नाही तर मागची-पुढची बघा. मी खाली हिब्रू क्रमांक दिलेत.

पहिली पायरी: शब्द नीट डोळ्यात भरा

शीन हे अक्षर तीन उभ्या काड्यांचं असतं, खाली जोडलेलं, आणि त्याचं नावसुद्धा परंपरेने दाताशीच जोडतात. उजव्या टोकावर टिंब असेल तर ‘श’, डाव्या टोकावर असेल तर ‘स’, आपल्याला उजवं हवंय. खाली आडवे दोन ठिपके म्हणजे त्सेरे हा स्वर, त्याचा उच्चार ‘ए’. मग नून, पण शब्दाच्या शेवटी आलेला नून खाली लांब शेपूट सोडतो आणि मधे आला की शेपूट दुमडून बसतो. एकच अक्षर दोन आकारात दिसतं म्हणून नवीन माणूस शेन ओळखतो आणि त्याचंच अनेकवचन ओळखत नाही, म्हणून दोन्ही आकार दहा-दहा वेळा हाताने लिहून काढा, टाईप करून उपयोग नाही.

आता निर्गम या पुस्तकाच्या २१ व्या अध्यायातली २४ वी ओवी, म्हणजे निर्गम २१:२४, उघडा. ‘शेन ताखात शेन’. दाताबद्दल दात. ताखात म्हणजे खाली, जागी, बदल्यात. पाठ झालं ना? मग लगेच अनुवाद (हे बायबलातल्या एका पुस्तकाचं नाव) १९:२१ बघा, तिथे तोच कायदा आहे पण शब्द ‘शेन बशेन’ असे आहेत, ताखात गेला आणि नुसता ‘ब’ चिकटला. बाजारात वस्तूची किंमत सांगताना हिब्रू हाच ‘ब’ वापरते, म्हणजे ‘दाताच्या भावात दात’ असं काहीतरी. दोन ओव्यांत दोन शब्दयोगी प्रकार शिकून झाले.

दुसरी पायरी: दुप्पट ‘न’

या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच, बाकी सगळं विसरलात तरी चालेल.

निर्गम २१:२४ च्या तीन ओव्या पुढे या. मालकाने गुलामाचा किंवा दासीचा दात पाडला तर काय, असा नियम आहे, आणि उत्तर असं की त्याने त्याला मोकळं सोडायचं, ‘ताखात शिन्नो’, त्याच्या दाताच्या बदल्यात. शेन होता तो शिन्नो झाला. ‘ए’ चा ‘इ’ झाला आणि न डबल झाला. हे कुठून आलं? तर मुळात हा शब्द ‘शिन्न’ असाच होता, दोन न असलेला. हिब्रूला शब्दाच्या शेवटी जोडाक्षर ठेवायला आवडत नाही, म्हणून एकटा असताना एक न गळतो आणि जोर पडल्यामुळे ‘इ’ लांबून ‘ए’ होतो. पण पुढे प्रत्यय लागला की जोर प्रत्ययावर सरकतो, लपलेला न परत येतो आणि जुना ‘इ’ पण परत येतो. अरबीत तर आजही दाताला ‘सिन्न’च म्हणतात, जुन्या अक्कदीतही ‘शिन्नु’ होतं, म्हणजे हा दुसरा न घरचाच आहे.

लिहिताना मात्र न एकदाच लिहितात आणि त्याच्या पोटात एक ठिपका देतात, त्याला दागेश म्हणायचं. देवनागरीत आपल्याला ‘न्न’ सरळ दिसतो, तिथे तो ठिपका शोधावा लागतो. आणि हे फक्त शेनचं नाही, एम म्हणजे आई आणि इम्मी म्हणजे माझी आई, लेव म्हणजे हृदय आणि लिब्बो म्हणजे त्याचं हृदय, खेत्स म्हणजे बाण आणि खित्सीम म्हणजे बाणांचं अनेकवचन (इथे त्स डबल असतो). चारही एकाच साच्यातले. एक शेन कळला की बाकीचे आपोआप कळतात, म्हणून मी म्हणतो एका शब्दामागे जा.

तिसरी पायरी: अनेकवचन, म्हणजे खरं तर द्विवचन

शेनचं अनेकवचन ‘शिन्नायिम’. शाळेत संस्कृत घेतलेल्यांना द्विवचन माहीत आहे, देवः देवौ देवाः. हिब्रूतलं ‘-आयिम’ हे द्विवचनाचं शेपूट, आणि डोळे, हात, पाय, कान अशा जोडीच्या अवयवांना तेच लागतं. दात तर बत्तीस, मग द्विवचन का? साधारण उत्तर असं देतात की वरची आणि खालची अशा दोन ओळी आहेत म्हणून.

पण संस्कृतची सवय इथे लावू नका. संस्कृतात द्विवचन म्हणजे मोजून दोनच, हिब्रूत अवयवांच्या बाबतीत तसं नाही. याचा पुरावा १ शमुवेल २:१३ मध्ये आहे आणि तो मला फार आवडतो. शिलो इथे एली याजकाची मुलं लोकांच्या अर्पणाचं मांस शिजत असताना नोकराला काटा घेऊन पाठवायची, तो कढईत, हंड्यात खुपसायचा आणि काट्याला जे लागेल ते उचलायचा. त्या काट्याचं वर्णन ‘श्लोश हाशिन्नायिम’, म्हणजे तीन दातांचा. रूप द्विवचनी आणि संख्या तीन! यशया ६:२ मध्ये सराफीम नावाच्या स्वर्गीय जीवांना सहा पंख आहेत, तिथेही शब्द ‘कनाफायिम’च आहे. तेव्हा शिन्नायिम दिसला की सरळ ‘दात’ असं अनेकवचन करा, ‘दोन दात’ करू नका.

आणि बघा, काट्याच्या टोकांना हिब्रूने दात म्हटलं. आपण फणीचे दाते, करवतीचे दाते म्हणतोच की. आपण निदान दात आणि दाते असा फरक ठेवला, त्यांनी तेवढाही ठेवला नाही.

चौथी पायरी: लिंग

हे मराठी माणसाला जड जातं. डोळा, हात, पाय, कान, दात, मराठीत सगळे पुल्लिंगी. हिब्रूत हे पाचही स्त्रीलिंगी. तो दात नाही, ‘ती दात’. नीतिसूत्रे २५:१९ मध्ये संकटात बेइमान माणसावर विसंबणं म्हणजे ‘शेन रोआ’, मोडका दात, असं म्हटलंय. रोआच्या शेवटचा ‘आ’ हे स्त्रीलिंगाचं चिन्ह.

क्रियापदातही दिसतं. यिर्मया ३१:२९ मधली म्हण, बापांनी आंबट द्राक्षं खाल्ली ‘वशिन्ने वानीम तिक्हेना’. तिक्हेना हे क्रियापद स्त्रीलिंगी अनेकवचनी आहे, कारण कर्ता आहे दात. एकाच शब्दाने लिंग पण सांगितलं आणि द्विवचनी रूपाला अनेकवचनी क्रियापद लागतं हेही सांगितलं. काहा या धातूचा अर्थ बोथट होणं, आणि इथे मराठीला काही खटपट करावीच लागत नाही, मुलांचे दात आंबले. कैरी खाल्ल्यावर दुसऱ्या दिवशी भाकरीचा घास चावताना जे होतं तेच. इंग्रजीतून शिकणाऱ्याला ही ओवी समजावून घ्यावी लागते, आपल्याला ती नुसती वाचावी लागते. यहेज्केल १८:२ मध्ये हीच म्हण पुन्हा आलीय.

अपवाद एक लक्षात ठेवा. १ शमुवेल १४:५ मध्ये ‘हाशेन हाएखाद’ आहे, एखाद हे पुल्लिंगी. तिथे तोंडातला दात नाहीये, खडक आहे, त्याच्याकडे पुढे येतो.

पाचवी पायरी: चा-ची-चे आणि माझे-तुझे

दोन नामं जोडायची तर हिब्रू पहिल्या नामाचं रूप आखडतं आणि शेजारी दुसरं ठेवतं, मधे चा-ची-चे काही नाही. शिन्नायिमचं आखडलेलं रूप ‘शिन्ने’. सर्वनाम असेल तर ते मागे प्रत्ययासारखं चिकटतं, जसं आपलं घर-घरात तसं. माझे दात शिन्नाय, तुझे दात (बाईला म्हणताना) शिन्नायिख, त्याचे दात शिन्नाव, त्यांचे दात शिन्नेहेम, आणि कवितेत कधीकधी त्यांचे दात शिन्नेमो. एकच दात असेल तर वर पाहिला तो शिन्नो. शिन्नो आणि शिन्नाव यातला फरक पक्का करा, एक दात की सगळे.

पाठ करायला सगळ्यात सोपी ओळ योएल १:६, टोळधाडीचं वर्णन, ‘शिन्नाव शिन्ने आर्ये’, त्याचे दात सिंहाचे दात. तीन शब्दांत प्रत्ययही आला आणि षष्ठीही आली. ईयोब १९:२० मध्ये ‘बओर शिन्नाय’, माझ्या दातांच्या कातड्यानिशी वाचलो, असं ईयोब म्हणतो, दाताला कातडं असतं का यावर भाष्यकार अजून वाद घालतात. आणि गीतरत्न ४:२ मध्ये प्रियकर म्हणतो, ‘शिन्नायिख’, तुझे दात नुकत्याच कातरलेल्या, धुऊन वर आलेल्या मेंढ्यांच्या कळपासारखे, प्रत्येकीला जुळं, एकही एकटी नाही. म्हणजे वरचा दात तसाच खालचा आणि मधे एकही फट नाही! धनगराचा कळप नदीतून बाहेर येताना ज्याने पाहिलाय त्याला ही उपमा लगेच पटेल.

सहावी पायरी: फसायच्या जागा

तोराची, म्हणजे बायबलच्या पहिल्या पाच पुस्तकांची, गुंडाळी जी यहुदी सभास्थानात वाचतात तिच्यात स्वरचिन्हं नसतातच. मग शीन-नून-योद-मेम अशी चार अक्षरं आली की तीन वाचनं शक्य आहेत: शिन्नायिम म्हणजे दात, श्नायिम म्हणजे दोन, शानीम म्हणजे वर्षं. तसंच शीन-नून-योद: शिन्ने म्हणजे अमक्याचे दात, श्ने म्हणजे दोन अमके, शेनी म्हणजे दुसरा, शानी म्हणजे किरमिजी रंग. मी पहिल्यांदा स्तोत्र ३:८ ठिपके न बघता वाचलं तेव्हा ‘श्ने रशाईम शिब्बार्ता’ असं वाचलं, तू दोन दुष्टांना मोडलंस, आणि अर्धा तास हे दोन दुष्ट कोण ते शोधत होतो. खरं आहे ‘शिन्ने रशाईम’, तू दुष्टांचे दात मोडलेस.

ओळखायचं कसं, तर शीनखाली आणि नूनच्या पोटात बघा. शीनखाली एक ठिपका आणि नूनमध्ये ठिपका, दात. शीनखाली उभे दोन ठिपके आणि नून रिकामा, दोन. शीनखाली छोटं टी सारखं चिन्ह आणि नून रिकामा, बहुतेक वर्षं (किरमिजी रंगालाही तेच लागतं, तो संदर्भावरून कळतो). पोटातला ठिपका फक्त दाताला. आजच्या इस्राएलमध्ये बोलताना मात्र हा न डबल उच्चारत नाहीत, दातांच्या डॉक्टरला ‘रोफे शिनायिम’ म्हणतात, त्यामुळे कानावर विसंबून राहू नका, डोळ्याने ठिपका शोधा.

वर्षाचा शाना शब्द तर आपल्या घरात आहे. अरबीत तो ‘सना’, तिथून फारसीतून मराठीत आला ‘सन’, सन १९४७ मधला. आणि अरबी सिन्नचे अर्थ दोन, दात आणि वय. हे मला कोशातून कळलं पण पटलं ते बैलबाजाराच्या आठवणीने. वडील बैलाचा खालचा ओठ अंगठ्याने दाबायचे, दात मोजायचे आणि आदत, दुसा, चौसा असं म्हणायचे, म्हणजे वयच सांगायचे. दातावरून वय हे जनावरं पाळणाऱ्या कुठल्याही समाजाला सुचणारच.

सातवी पायरी: दात नसलेले दात

खडक आधी. १ शमुवेल १४ मध्ये योनाथान आणि त्याचा शस्त्रवाहक पलिष्ट्यांच्या चौकीवर चढून जातात, मिखमाशजवळच्या खिंडीत, दोन्ही बाजूंना एकेक ‘शेन हासेला’, खडकाचा दात, एकाचं नाव बोसेस, दुसऱ्याचं सेने. योनाथान हातापायांनी धरत चढला असं लिहिलंय. सह्याद्रीत ट्रेक करणाऱ्याला याचं भाषांतर विचारा, तो लगेच सांगेल, सुळका. सुळा आणि सुळका हे शब्द कानाला किती जवळचे आहेत बघा. ईयोब ३९:२८ मध्ये गरुड अशाच सुळक्यावर रात्र काढतो.

मग हस्तिदंत. आपण हत्तीचा दात म्हणतो, हिब्रू हत्तीचं नावही न घेता नुसतं शेन म्हणते. या अर्थाने तो कायम एकवचनी, कारण तो मोजायचा नग नाही, माल आहे, लाकूड किंवा सोनं असतं तसा. शलमोनाचं सिंहासन ‘किस्से शेन’. १ राजे १०:२२ मध्ये आणखी एक लांब शब्द येतो, ‘शेन्हाब्बीम’, तार्शीशची जहाजं तीन वर्षांनी एकदा सोनं, चांदी, शेन्हाब्बीम, माकडं आणि मोर घेऊन यायची. यातल्या हाब्बीमचा संबंध काही अभ्यासक संस्कृत ‘इभ’ म्हणजे हत्तीशी लावतात आणि माकडाच्या ‘कोफ’चा ‘कपि’शी. सगळ्यांना ते मान्य नाही, पण कोश चाळताना समोर येईल म्हणून सांगून ठेवतो.

आता आमोस वाचा, सलग, एका बैठकीत, हाच या सगळ्या खटाटोपाचा मोबदला आहे. आमोस तकोवाचा मेंढपाळ, उत्तरेच्या श्रीमंत राज्यात जाऊन बोलणारा. ३:१५ मध्ये म्हणतो ‘बात्ते हाशेन’, हस्तिदंती घरं नष्ट होतील. ६:४ मध्ये ‘मित्तोत शेन’, हस्तिदंती पलंगांवर लोळणारे. त्या राज्याची राजधानी शोमरोन, तिच्या उत्खननात, मुख्यतः १९३० च्या दशकात, कोरीव हस्तिदंताचे शेकडो तुकडे खरोखरच सापडलेत. आणि या दोन ओव्यांच्या मधे, ४:६ मध्ये, देव म्हणतो मी तुम्हाला ‘निक्योन शिन्नायिम’ दिलं, दातांची स्वच्छता. स्वच्छता कसली, तर खायलाच काही नाही म्हणून दातात काही अडकत नाही, दुष्काळ. शब्द तोच. घराला शेन, पलंगाला शेन आणि मधे रिकामे शिन्नायिम. मराठी भाषांतरात एकीकडे हस्तिदंत आणि एकीकडे दात असे दोन शब्द होतात, धागा तुटतो, आणि मूळ भाषेत वाचल्याशिवाय तो दिसतच नाही. पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं बायबल मराठीत आणायचं काम १९२२ साली मरेपर्यंत का केलं असेल, ते मला अशा जागी कळतं.

आठवी पायरी: धातू आणि शेवटचा सराव

ब्राऊन-ड्रायव्हर-ब्रिग्जच्या जुन्या कोशात शब्द धातूखाली लावलेत, म्हणून तिथे शेन शोधताना शीन-नून-नून बघा, शानान, धार लावणे. इथेही दोन न. नीतिसूत्रे २५:१८ मध्ये ‘खेत्स शानून’, धारदार बाण, आणि लगेच पुढच्याच ओवीत तो मोडका दात शेन रोआ, दोन्ही शेजारी ठेवलेत ते उगाच नाही. अनुवाद ६:७ मध्ये ‘वशिन्नान्ताम लवानेखा’, हे शब्द मुलांना शिकव, ते याच धातूचं मानतात, धार लावून लावून शिकवणं, तर काही कोश त्याला ‘पुन्हा पुन्हा म्हणणं’ असं वेगळं धरतात. हा भाग शमाचा, आणि शमा म्हणजे कोकणातल्या बेने इस्राएल या यहुदी लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेली प्रार्थना.

सरावासाठी त्यांच्याच घरातली एक ओळ देतो. वल्हांडण या यहुदी सणाच्या रात्री हगादा नावाची पोथी वाचतात, १८७४ साली पुण्यात ती हिब्रू आणि मराठी अशी छापली गेली. तिच्यात चार मुलगे आहेत, त्यातला दुष्ट मुलगा विचारतो की ही सेवा ‘तुम्हाला’ कशाला, आणि बापाला सांगितलंय, ‘हाक्हे एत शिन्नाव’. क्रियापद यिर्मयाच्या म्हणीतलंच, काहा, फक्त इथे आज्ञार्थी आणि दुसऱ्याकडून घडवायचं रूप, एत हे कर्माची खूण. शेवटचा शब्द तुम्हाला आता येतो. वहीत लिहा, नूनमध्ये ठिपका द्या, आणि मराठी करा.